परतीची ओळ

आमच्या सासऱ्यांचा सगळ्यात जास्त विश्वास लोखंडावर, त्याखालोखाल तेलाच्या डब्यावर, आणि मग जमलंच तर माणसांवर. पडद्यावरच्या अक्षरांवर तर कधीच नव्हता. म्हणून घरातलं स्वेटर विणायचं मशीन बंद पडलं तेव्हा त्यांनी आधी वंगण घातलं, मग सगळे नट आवळले, मग भाऊजींना, म्हणजे माझ्या दिराला, शिव्या घातल्या, आणि यातल्या कशानंच काही होईना तेव्हा भंगारवाल्याला फोन केला. सून वरच्या खोलीत बसून सी भाषेत प्रोग्राम लिहिते, त्यावर तिचा पगार होतो, तिला एकदा विचारून बघावं, हे त्यांच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला राग आला. राग मला लवकर येतो, आणि आला की मी त्याला कामाला लावते. गिळला तर पचत नाही.

आमच्या घराचा खालचा मजला म्हणजे कारखाना आणि वरचा मजला म्हणजे आम्ही. खाली, मागच्या भिंतीला लागून, ते मशीन. लांबच लांब लोखंडी पट्टी, तिच्यात खेटून बसवलेल्या सुया, आणि त्या सुयांवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावणारा एक जड गाडा. त्याला घरात सगळे नुसतं 'गाडी' म्हणतात. गाडी या टोकाहून त्या टोकाला गेली की स्वेटरची एक ओळ विणून होते, आणि परत आली की दुसरी. असा तो स्वेटर खाली लोंबत वाढत जातो.

सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हापासून या मशीनपुढे बसतात. कुठली नक्षी, कुठला रंग, गळा किती खोल, सगळं त्यांच्या डोक्यात. मशीन बंद पडलं तशा त्या वरच्या खिडकीशी जाऊन बसायला लागल्या. एकदा मी विचारलं, "आई, एवढं काय बघताय?"

"भिंत," त्या म्हणाल्या. "समोरच्यांची. आता रोज हीच बघायची आहे ना, म्हटलं ओळख करून घ्यावी."

माझं आणि त्यांचं गूळपीठ आहे असं मुळीच नाही. भांड्याला भांडं लागतं आणि आमच्याकडे जरा जोरातच लागतं. पण हाताला काम असलेली सासू बरी की रिकामी सासू बरी, हे कुठल्याही सुनेला विचारा. आणि खरं सांगायचं तर मला त्या खिडकीतल्या पाठमोऱ्या बाईकडे बघवत नव्हतं. मशीन गेलं असतं तर त्या तशाच बसून राहिल्या असत्या. म्हणून मी ठरवलं, मशीन जाणार नाही.

मुळात मशीनच्या लोखंडात काही बिघाडच नव्हता. ते चालवणारा जुना कॉम्प्युटर जळाला होता, एवढंच. भाऊजी विजेची कामं करतात. कॉलेजात असताना या हातानं चालणाऱ्या मशीनला मोटर आणि कॉम्प्युटर जोडून त्याचा प्रोग्राम त्यांनीच सी भाषेत लिहिला होता. त्यांनी त्या कॉम्प्युटरच्या जागी तळहाताएवढा एक नवा बोर्ड आणला, वायरी जोडल्या, जुन्या डिस्कवरून तो प्रोग्राम शोधून काढला आणि माझ्या हातात ठेवला.

"वहिनी, एवढा या बोर्डासाठी कंपाइल करून द्या," ते म्हणाले. "पाच मिनिटांचं काम आहे."

ज्या कामाला समोरचा पाच मिनिटांचं म्हणतो त्या कामाला मी फार भिते. तरी बसले. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषी. आमच्या कंपायलरला ना बटणं ना चित्रं. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची: आधी त्याचं नाव, मग फाइलचं नाव, आणि मध्ये आडव्या रेघेनं सुरू होणारे पर्याय. -o लिहिलं की तयार झालेल्या फाइलला काय म्हणायचं ते सांगता येतं, दुसऱ्या कशानं प्रोग्राम वेगवान करता येतो, तिसऱ्यानं आणखी काही. शेकड्यांनी पर्याय आहेत. सगळे पाठ असल्याचं जो सांगतो त्याला मी चहा विचारत नाही.

कंपाइल झालं. बोर्डावर चढवलं. भाऊजींनी खटका दाबला आणि गाडी काय दिमाखात निघाली! खटखट करत सुया वर झाल्या, लोकर ओढली गेली, एक सुरेख ओळ विणली गेली. गाडी उजव्या टोकाला पोचली, आणि परत फिरायचं सोडून आणखी उजवीकडे घुसली. धाड! मशीन हादरलं, लाल दिवा लागला, मोटर आपोआप बंद झाली. दुसऱ्यांदा चालवलं तर तेच. माहेरी गेलेल्या लेकीसारखं, एकदा गेली की परत यायचं नाव नाही.

मग दोषी कोण यावर खल सुरू झाला. "एवढंसं खेळणं, ते काय गाडी ओढणार?" असं म्हणत सासऱ्यांनी बोर्डाला दोष दिला. भाऊजींनी वायरींना दोष देऊन त्या सगळ्या बदलल्या. माझ्या नवऱ्याला विचारलं तर तो दोघांच्याही म्हणण्याला मान डोलावून माल पोचवायला निघून गेला. मी तोच प्रोग्राम माझ्या लॅपटॉपसाठी वेगळा कंपाइल करून, मशीन न जोडता, नुसता चालवून बघितला. पडद्यावर ओळीनं येत राहिलं: उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. एकदाही चूक नाही. तेव्हा प्रोग्राम निर्दोष सुटला आणि बोर्ड फासावर जायची वेळ आली.

"शनिवारी दुपारी टेम्पो येतोय," सासऱ्यांनी जेवताना सांगितलं. सासूबाईंनी ताटातून मान वर केली नाही.

शनिवारी सकाळीच मी लॅपटॉप घेऊन खाली उतरले. मनाशी म्हटलं, कंपायलरलाच विचारू. तो नुसता दुभाषी नाही, त्याला खोट काढायची सवय आहे. प्रोग्राममध्ये काही संशयास्पद दिसलं की तो काम तर करून देतो, पण वर एक सूचना छापतो, की बाई गं, इथं जरा बघ. त्या सूचना मागायच्या तर -Wall लिहायचं. नावावरून वाटतं तो सगळं सांगेल, पण थोडं हातचं राखतो. राहिलेलं काढून घ्यायला -Wextra. मी दोन्ही लिहिले आणि कळ दाबली.

पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही.

"बघा!" भाऊजींनी टाळी वाजवली. "माझा कोड म्हणजे काय वाटलं तुम्हाला!"

सासरे दारातून म्हणाले, "स्वच्छ आहे ना? मग चालवा की."

चालवलं. धाड! या वेळी टोकाच्या सुया वाकल्या. सासरे तरातरा आले आणि त्यांनी मुख्य वायरच भिंतीतून उपटून काढली. "बस. आता कुणी हात लावायचा नाही. विकायचं तर विकायचं, पण त्याचे हाल करून नाही." जिन्यात पावलं वाजली. सासूबाई तो आवाज ऐकून अर्ध्यापर्यंत उतरल्या होत्या, त्या तशाच परत वर गेल्या.

मी तशीच स्टुलावर बसून राहिले. डोकं तापलं होतं आणि डोळेही भरून आले होते, पण त्या दोन्हींच्या मागे काहीतरी टोचत होतं. भाऊजी हुशार आहेत, प्रेमळ आहेत, पण त्यांच्या चपलेचा एक पाय या खोलीत आणि दुसरा त्या खोलीत सापडतो. अशा माणसानं कॉलेजच्या वयात लिहिलेला प्रोग्राम, आणि त्यात कंपायलरला एक म्हणता एक खोट दिसू नये? पोरं खोलीत एकाएकी गप्प झाली की आई हातातलं टाकून बघायला जाते. ही शांतता तसलीच होती.

मी मेकफाइल उघडली. कंपायलरची लांबलचक ओळ दर वेळी हातानं लिहायला नको म्हणून ती एका फाइलमध्ये लिहून ठेवतात, ती ही. त्या ओळीत, पर्यायांच्या गर्दीत, एक छोटासा -w अंग चोरून बसला होता. मोठा डब्ल्यू सूचना मागतो. छोटा डब्ल्यू म्हणतो, काहीही दिसलं तरी तोंड उघडू नकोस. आणि तो एकदा लिहिला की तुम्ही पुढे मागे -Wall लिहा, -Wextra लिहा, नाहीतर हात जोडा, त्याचंच खरं. मी सकाळपासून ज्याला प्रश्न विचारत होते त्याच्या तोंडात बोळा कोंबलेला होता.

"भाऊजी!" मी अशी ओरडले की हातातला पाना टाकून ते धावत आले. "हे काय आहे?"

त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि कानाची पाळी धरली. "अरे बापरे. हे अजून आहे होय?"

"कुणी लिहिलं?"

"मीच." त्यांनी दाराकडे बघून आवाज खाली आणला. "वहिनी, तेव्हा नवी नक्षी आली की प्रोग्राम पुन्हा कंपाइल करावा लागायचा. बाबा मागे उभे. पडद्यावर एक जरी सूचना आली की हे सुरू, बिघडलं, बंद कर, बंद कर! मग संध्याकाळपर्यंत आईला मशीन लावू द्यायचे नाहीत. कितीदा समजावलं. शेवटी हा एक पर्याय टाकला. पडदा स्वच्छ, बाबा खूश, आई खूश, घर शांत."

झाकली मूठ सव्वा लाखाची. मला हसावं की रडावं कळेना. घराघरात असा एक -w असतोच, पण आमच्या घरानं तो मेकफाइलमध्ये लिहून ठेवला होता. मी तो खोडला आणि पुन्हा कळ दाबली.

काय ती दंगल! इतक्या वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर आलं. ओळींमागून ओळी धावत वर जात होत्या, पडदा भरत होता, रिकामा होत होता, पुन्हा भरत होता. नेमके त्याच वेळी सासरे आत आले.

"अरे देवा! सगळंच मोडलंस?"

"मोडलं नाही, बाबा. बोलतोय तो," मी म्हणाले. "मोटरमधून कुरकुर ऐकू आली तर तुम्ही मोटर फेकून देता की कान लावता?"

"कान लावतो."

"मग बसा. ही कुरकुरच आहे."

ते खरोखरच एक खोका ओढून शेजारी बसले आणि चष्मा लावला. त्यांना त्यातलं अक्षर कळणार नव्हतं, पण कुरकुर म्हटल्यावर त्यांना उठून जाता येईना.

मी एकेक ओळ वाचत गेले. बऱ्याचशा निरुपद्रवी. इथे एक नाव ठेवलंय पण वापरलंच नाही, तिथे एक कंस जास्तीचा. भाऊजी दर ओळीला "हो, ते माहितीय" म्हणत होते आणि मी दर ओळीला "माहितीय तर मग?" म्हणत होते. आणि मग ती ओळ आली. कंपायलरचं म्हणणं साधं होतं: इथे जी तुलना केली आहे ती कधीच खरी होऊ शकत नाही.

मी प्रोग्राममधली ती जागा उघडली. गाडी कुठे जायची ते प्रोग्रामच्या आकडा ठेवायच्या एका छोट्या खणात ठेवलेलं होतं. त्यात एक असला तर उजवीकडे. उणे एक असला तर डावीकडे. आणि खाली विचारलं होतं, खणातला आकडा शून्याहून कमी आहे का? असेल तर डावीकडे वळ, नसेल तर उजवीकडे. शाळेतल्या मुलालाही कळेल. आणि कंपायलर सांगत होता, बाई, हा आकडा शून्याहून कमी असूच शकत नाही.

"असं कसं? उणे एक कमी नाही होय?" भाऊजी म्हणाले.

मला एकदम लख्ख दिसलं. त्या खणाचा प्रकार होता char, सी भाषेतला सगळ्यात छोटा खण. त्यात उणे आकडे राहतात की नाही, हे सी भाषेनं स्वतः ठरवलेलंच नाही. ज्या यंत्रासाठी कंपाइल करायचं त्यावर सोडून दिलंय. जुन्या कॉम्प्युटरवर राहायचे. माझ्या लॅपटॉपवरही राहतात, म्हणून माझी चाचणी गोड गोड उत्तर देत बसली. नव्या बोर्डावर राहत नाहीत. तिथे उणे एक आत टाकला की तो दोनशे पंचावन्न होऊन बाहेर येतो. बिचारा बोर्ड दर वेळी इमानानं विचारत होता, दोनशे पंचावन्न शून्याहून कमी आहे का? नाही. मग चला उजवीकडे. धाड.

"मोटरची जोडणी काढा," मी भाऊजींना म्हणाले, "आणि माझ्या लॅपटॉपला जोडून फक्त बोर्ड चालू करा. खणात काय आहे तेवढं पडद्यावर छापू."

छापलं. दोनशे पंचावन्न. भाऊजींनी दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

अशा वेळेसाठी कंपायलरकडे एक पर्याय आहे. मी मेकफाइलमध्ये, जिथे तो मुका -w बसला होता तिथेच, -fsigned-char लिहिलं. म्हणजे बाबा रे, यंत्राचा रिवाज काहीही असो, या खणात उणे आकडे राहू दे. कंपाइल केलं, बोर्डावर चढवलं, चालू केलं. पडद्यावर आलं: उणे एक. कुणाच्या खात्यात लाखो रुपये जमा झाले तरी त्याला तो आकडा बघून एवढा आनंद होणार नाही.

"आता लावा मोटर!" मी म्हणाले, आणि तेवढ्यात बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजला.

भंगारवाला वेळेआधी आला होता. सोबत दोन गडी, खांद्यावर दोर. दारातच त्यांनी मशीनचा अंदाज घेतला. "आधी मधून तोडावं लागेल, काका. अख्खं निघणार नाही."

तोडावं हा शब्द ऐकून सासऱ्यांचा चेहरा पडला. मी म्हणाले, "बाबा, एकदाच चालवू द्या. सापडलंय मला."

"सकाळीही स्वच्छ म्हणाला होतात." ते उठून मशीनपाशी गेले आणि वाकलेल्या सुयांवरून बोट फिरवलं. "पुन्हा आपटली तर उरलेल्या सुयाही जातील. जाता जाता त्याचा जीव कशाला घेता?"

मी हट्टी आहे, पण त्या हाताकडे बघून माझाही हट्ट ढळला. आकडा पडद्यावर बरोबर आला होता, पण पडद्यावरचा आकडा आणि धावणारं लोखंड यांत फरक असतो, हे मलाही ठाऊक होतं. माझं चुकलं असतं तर मशीनही गेलं असतं आणि वर माझ्या हातून गेलं असतं.

"सुया माझ्या आहेत," मागून आवाज आला.

सासूबाई जिना उतरून खाली आल्या होत्या. त्यांनी सासऱ्यांना बाजूला केलं, पदराआडून आपली छोटी पक्कड काढली, वाकलेल्या सुया एकेक करून ओढून काढल्या आणि त्या जागी मशीनखालच्या डबीतल्या नव्या बसवल्या. मग लोकरीचं टोक ओवून त्या माझ्याकडे वळल्या.

"तुला खात्री आहे?"

"आहे, आई."

"मग चालव. वाकल्या तर मी पुन्हा बसवीन."

भाऊजींनी मोटर जोडली, सासऱ्यांनी स्वतःच वायर भिंतीत खोचली. भाऊजींनी खटका दाबला. गाडी निघाली. खटखट, खटखट, सुया वर, सुया खाली, मधला भाग ओलांडला, उजवं टोक जवळ आलं. भाऊजींनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मला बघायचंच होतं.

गाडी टोकाला पोचली. क्षणभर थांबली. आणि वळली. नुसती वळली नाही, खटखट करत सुसाट डावीकडे निघाली, दुसरी ओळ विणत, जणू काही झालंच नव्हतं! डाव्या टोकाला गेली, परत आली. गेली, आली. मी किंचाळले. भाऊजी मला टाळी द्यायला गेले आणि नेम चुकून भंगारवाल्याच्या गड्याला देऊन बसले, आणि तोही हसत सुटला. सासरे मशीनवर तळवा ठेवून उभे होते. मला इतकं उंच झाल्यासारखं वाटलं की छताला डोकं लागेल. हे मी केलं होतं. लोखंडाला हात न लावता, एका ओळीतला एक शब्द काढून आणि एक शब्द घालून, ते जड धूड मी घरी परत आणलं होतं.

"काका, मग आम्ही?" भंगारवाल्यानं विचारलं.

"तुम्ही चहा घ्या," सासरे म्हणाले, "आणि रिकामा टेम्पो घेऊन जा. आमची सून म्हणजे... ती असल्या कामात... म्हणजे कंपायलर..." त्यांना पुढचं वाक्य जुळवता येईना, म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर तेलकट हातानं एक जोरदार थाप मारली. माझा तो पिवळा कुडता त्या दिवशी कामातून गेला. मी तो टाकलेला नाही.

प्रोग्राममधला तो खण मी नंतर नीट बदलला, उरलेल्या सूचनाही एकेक करून निस्तरल्या. पण त्या दुपारी कुणालाच वर जायचं सुचत नव्हतं. गडी चहाचे पेले घेऊन मशीनसमोर उभे होते. भाऊजी त्यांना उणे एकाची गोष्ट हातवारे करून सांगत होते, त्यात आपला भाग जरा वाढवून. सासूबाई मात्र आपल्या जागेवर बसल्या होत्या. रंग बदलला होता, नक्षी सुरू झाली होती, आणि मशीनखालून स्वेटरची विणलेली वीतभर पाठ लोंबायला लागली होती. मी वाकून बघायला गेले. मनात होतं, आता काहीतरी म्हणतील, निदान आजच्या दिवस तरी.

त्यांनी मान वर केली नाही. डोळे सुयांवर, एक हात लोकरीवर.

"सरक गं जरा," त्या म्हणाल्या. "उजेड अडवतेस."

मी सरकले. कुणाच्या वाटेतून बाजूला होताना मला इतका आनंद कधीच झाला नव्हता.